हिवाळ्यातलं टेक्सोमा: मासेमारीत आधी खोली, मग वेग, रंग सर्वांत शेवटी

शुक्रवार

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनोकडे राहणाऱ्या मराठी माणसाचा दिवस प्रेस्टन रोड ओलांडल्याशिवाय सहसा सरत नाही. हाच रस्ता उत्तरेकडे धरून जात राहिलं की प्रॉस्पर, सेलायना मागे पडतात, घरं विरळ होतात, कुरणं सुरू होतात आणि तास-सव्वा तासात पॉट्सबरो येतं. ज्याचं नाव या रस्त्याला मिळालं ते जुनं प्रेस्टन गाव मात्र आता दिसत नाही. रेड नदीवरचं डेनिसन धरण १९४४ मध्ये पुरं झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. त्या पाण्याचा तलाव म्हणजे टेक्सोमा. काही टेक्सासमध्ये, बराचसा ओक्लाहोमामध्ये, भरलेला असताना सुमारे ८९,००० एकर.

जानेवारीतला मार्टिन लूथर किंग दिनाचा सोमवार धरून जोडसुट्टी होती. मामेभाऊ ह्यूस्टनहून ॲल्युमिनियमची बोट गाडीमागे ओढत आला. दादा गॅल्व्हेस्टनच्या खाडीत मासे धरतो, खाऱ्या पाण्यातला पक्का माणूस. माझं आजोळ, म्हणजे त्याचं घर, रेवदंड्याचं. पोरवयात आम्ही दोघं खाडीच्या धक्क्यावर गरी टाकून तासन्‌तास बसायचो. फ्रिस्कोला आल्यापासून माझे हिवाळे टेक्सोमावर जातात. तो थंडीत पहिल्यांदाच इकडे येत होता.

खोलीवर पोचल्या पोचल्या त्याने लूरची, म्हणजे बनावट आमिषांची, पेटी उघडली. सोनेरी चमचे, पाण्यावर तरंगणारे पेन्सिल पॉपर, जांभळ्या-काळ्या रबरी शेपट्या, कोळंबीच्या आकाराची प्लास्टिकं.

"अगं, शेवटी स्ट्रायपर हा समुद्राचाच मासा ना? मग हेच चालेल की."

समुद्राचा आहे हे खरंच. स्ट्रायपर म्हणजे स्ट्राइप्ड बास, मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा. वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीत चढतो. आपल्या जिताड्याचं नेमकं उलटं आहे, तो नदी-खाडीत वाढतो आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो. टेक्सोमात स्ट्रायपरची पिल्लं १९६५ पासून सोडायला सुरुवात झाली. अनेक तलावांत सोडलेला स्ट्रायपर वाढतो पण त्याची वीण होत नाही, कारण त्याच्या अंड्यांना दोनेक दिवस वाहत्या पाण्यात अधांतरी राहावं लागतं. तळाला बसली की ती गुदमरतात. टेक्सोमाला वरून रेड आणि वॉशिटा अशा दोन लांबलचक नद्या मिळतात, शिवाय रेड नदी वरच्या भागातल्या खनिज मिठाचा अंश घेऊन येते. मासा इथे आपसूक विणू लागला. आज इथे बाहेरून पिल्लं आणून सोडावी लागत नाहीत. देशात असे तलाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यातला एक माझ्या घरापासून तासाभरावर आहे, याचं मला दर हिवाळ्यात नव्याने अप्रूप वाटतं.

पण दादाच्या प्रश्नाचं उत्तर माशाच्या मूळ गावात नव्हतं, तो आत्ता काय खातोय यात होतं. आमिषाच्या दुकानात टेक्सोमाचं लायसन्स घेतलं. या एका लायसन्सवर तलावाच्या दोन्ही राज्यांतल्या पाण्यात मासे धरता येतात. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला पाण्याचं तापमान विचारलं. ४५ फॅरनहाइट, तो म्हणाला, आणि शॅड मरायला लागलेत.

मला एवढंच हवं होतं. शॅड म्हणजे या तलावातला चंदेरी चारा-मासा. त्यातला थ्रेडफिन शॅड बोटा-दोन बोटांचा आणि थंडीला अगदी कच्चा. पाणी ४५ च्या आसपास आलं की तो लुळा पडतो, झुंडीतून सुटतो, कुशीवर वळतो आणि थरथरत हळूहळू खाली जातो. स्ट्रायपरला थंडीचं काही नाही, पण थंड पाण्यात त्याची भूक मंदावते आणि धावाधाव करायची त्याची तयारी नसते. तो झुंडीखाली थांबून वरून पडेल ते टिपतो. लूर निवडायचं सगळं गणित या पडण्यात आहे. लूर किती खोल जातं, किती सावकाश जातं आणि त्या दिवशीच्या शॅडएवढं आहे का, हे पाहायचं. रंग त्यानंतर.

दादाला हे पटलं नाही. गॅल्व्हेस्टनला रंगावरून भांडणं होतात म्हणाला. मी त्याच्या पेटीतले पॉपर बाजूला काढून ठेवले, कारण वर उसळून खाण्याचे दिवस शरद ऋतूबरोबर गेले होते.

शनिवार

उजाडायच्या आधी बोट पाण्यात सोडली. तलावाच्या लिटल मिनरल फाट्यातून बाहेर पडून प्रेस्टनच्या भूशिरापाशी आलो तेव्हा पूर्वेला नुसती करडी रेघ होती. इंजिन बंद करून थांबलो. इथे हिवाळ्यात मासा शोधायचा तर आधी आकाश पाहायचं. रिंग-बिल्ड जातीचे सीगल हजारोंनी उतरलेले असतात. उडताना ते चोहीकडे बघत असतील तर सोडून द्यायचं. एखादा अचानक हवेत थबकून मान खाली घालतो, मागोमाग दुसरा, तिसरा तिकडे वळतो, की आपणही वळायचं. मात्र थेट पक्ष्यांत इंजिन घालायचं नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबून बोट वाहत जाऊ द्यायची. इंजिनाच्या आवाजाने झुंड बुडते आणि आजूबाजूच्या दहा बोटींची सकाळ नासते. हा शिष्टाचार न पाळणारे दर आठवड्याला भेटतात आणि मला त्यांचा खरोखर राग येतो.

पक्षी सापडले. पाण्यावर पहिला शॅड दिसला तो मी ओंजळीत घेतला. करंगळीएवढा, पाठीवर निळसर झाक, कुशीला आरशासारखी चांदी. कल्ले एकदा उघडले, मग बराच वेळ नाही, मग पुन्हा एकदा. शेपूट हलत नव्हती, नुसती थरथरत होती. मी दादाला म्हटलं, हा नीट बघून घे, आज आपल्याला याचं सोंग करायचंय.

दादाने पाच इंची पॅडलटेल लावलं होतं, एक औंसाच्या शिशावर, म्हणजे गळ बसवलेल्या शिशाच्या डोक्यावर. पॅडलटेल म्हणजे रबरी मासा, शेपटीला चपटा तळवा, ओढला की शेपूट डावी-उजवी फडफडते. उन्हाळ्यात आणि शरदात यासारखं लूर नाही. पण एक औंसाचं शिसं बारा फुटांवर तरंगणाऱ्या माशांमधून सरळ तळाला गेलं आणि त्याने ओढायला सुरुवात केली तेव्हा ते माशांच्या कितीतरी खाली होतं. मासा वर बघून खातो, खाली वाकून क्वचित. लूर त्याच्या डोळ्याच्या पातळीवर किंवा जरा वर असलं पाहिजे.

माझ्याकडे होतं पाव औंसाचं शिसं आणि त्यावर चार इंची पांढरा फ्लूक. फ्लूक म्हणजे सरळसोट रबरी मासा, शेपटी दुभंगलेली आणि पातळ. स्वतःहून ती काहीच करत नाही, नुसती लवते. लांब फेकलं, दोरी सैल ठेवली, मनात आकडे मोजले. प्रत्येक शिशाचं मोजमाप मी आधीच करून ठेवते. तीस फूट पाणी असेल तिथे सोडायचं, दोरी ढिली पडेपर्यंत मोजायचं, की कोणतं शिसं किती आकड्यांत किती खोल जातं ते कळतं. फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या पडद्यावर, मासा बारा फुटांवर दिसला तर दहा फुटांच्या आकड्याला रीळ फिरवायचं, तेही दोन वेढे, आणि पुन्हा पडू द्यायचं.

थंडीतला चावा असा नसतो की दांडी हिसकली जाईल. सैल दोरी मध्येच थबकते, किंवा पडता पडता एकदम हलकी होते, किंवा नुसती टिचकी बसते. त्या क्षणी मनगट उचललं नाही तर मासा लूर थुंकून टाकतो. मला पहिला लागला तो तीनेक पौंडांचा असेल. मग लागोपाठ लागत गेले. दादा शेजारी उभा राहून तेच पाणी झोडपत होता.

"दे ते तुझं पाव औंसाचं," तो अखेर म्हणाला.

मी शिसं दिलं, पण रबरी मासा त्याचाच ठेवायला लावला, ज्यावर त्याचा भरवसा होता तो हिरवट-पिवळा चार्ट्रूज. पाचऐवजी चार इंची तेवढा निवडला. शिसं बदललं आणि त्याच पाण्यात त्याला तिसऱ्या फेकीला मासा लागला. माझा पांढरा, त्याचा हिरवा, मासे दोन्हींना लागत राहिले. दादा बोलला काही नाही, पण पेटीतली जड शिसी त्याने खालच्या कप्प्यात टाकली.

ऊन वर आलं तसे सीगल पाण्यावर बसले. झुंडी खोल गेल्या. पक्षी गेले म्हणजे मासा गेला असं नाही. मी लून पक्ष्यांकडे पाहते. ते बुडी मारून खोलवरचा शॅड धरतात, त्यामुळे जिथे लून वारंवार बुडतो तिथे खाली चारा असतो. तशा एका जागी पडद्यावर ४२ ते ४८ फुटांवर कमानी, म्हणजे माशांच्या खुणा, दिसल्या. इतक्या खोलीला पाव औंस निरुपयोगी. वाऱ्यात बोट सरकते, दोरी तिरकी होते, लूर पोचतच नाही.

तिथे स्लॅब लागतो. स्लॅब म्हणजे शिशाचा चपटा, माशाच्या आकाराचा तुकडा, दोन्ही बाजूंना पांढरा किंवा चंदेरी, एक ते दीड औंसाचा. सरळ बोटीखाली सोडायचा, तळ लागला की दोन फूट वर घ्यायचा आणि मनगटाने फूटभर उचलून परत पडू द्यायचा. लोक उचलण्यावर जोर देतात, खाणं मात्र पडताना होतं. म्हणून दांडीचं टोक खाली नेताना दोरी अगदी सैल सोडायची नाही, तिला बोटाने जेमतेम धरून ठेवायचं. चपटा असल्याने तो सरळ न पडता लवत, चमकत पडतो, कुशीवर वळलेल्या शॅडसारखा.

इथल्या लोकांची आणखी एक पद्धत आहे, बोटीच्या तळाला ठराविक लयीत ठोकायचं. लाकडी दांडकं घेऊन ठक, ठक, ठक. का चालतं याची कारणं जो तो वेगळी सांगतो. पडद्यावर मात्र तळाला विखुरलेल्या कमानी बोटीखाली गोळा होताना मी कितीदा पाहिल्या आहेत. दादाने तासभर न कंटाळता ठोकलं. मासे आले.

माणशी रोज १० मासे ठेवता येतात, मोठ्या माशांवर त्यातही मर्यादा. आम्हाला जेवणापुरते हवे होते. तेवढे झाल्यावर गळ गुंडाळले, कारण चाळीस-पन्नास फुटांवरून वर ओढलेल्या माशाचा हवेचा फुगा फुगतो आणि सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. धरायचं आणि सोडायचं हा खेळ खोल पाण्यात फार वेळ खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवार

पहाटे नॉर्दर आला. ओक्लाहोमाच्या सपाटीवरून सुटलेला उत्तरेचा वारा टेक्सोमावर पोचेपर्यंत वाटेत त्याला काही अडवत नाही. सकाळी धरणाशी जाऊन पाहिलं तर लाटा पांढऱ्या फुटत होत्या. या दिवसांत बोट उलटली तर माणसाला ४५ अंशांच्या पाण्यात हातपाय हलवायलाही फार वेळ मिळत नाही. न जाण्याचा निर्णय घ्यायला आम्हाला चर्चा करावी लागली नाही.

दुपारी हॅगरमन अभयारण्यात गेलो. बिग मिनरलच्या फाट्यावरच्या या भागात हिवाळ्यात हजारो हिमहंस उतरतात. गव्हाच्या कोवळ्या शेतात पांढरी चादर पसरलेली आणि काहीतरी बिनसलं की ती सगळी एकदम वर. दादाने फोन खिशात ठेवून दिला आणि नुसता बघत राहिला.

संध्याकाळ लूरच्या पेटीवर गेली. मला मासेमारीतला हा भाग पाण्यावरच्या भागाइतकाच आवडतो. स्लॅबचे तिहेरी गळ काढून एकेरी लावले. तिहेरी गळ माशाचे कल्ले फाडतो आणि सोडायच्या माशाचं नुकसान करतो. फ्लूकच्या शिशांवरच्या गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून बोथट केले. मग बकटेल बांधायला घेतले. शिशाच्या डोक्यामागे हरणाच्या शेपटीचे केस दोऱ्याने आवळायचे, एवढंच हे लूर. केस दाट घातले तर ते ब्रशसारखं ताठ राहतं, विरळ घातले तर पाण्यात श्वास घेतल्यासारखं उघडतं-मिटतं. रबर थंडीत कडक होतं, केस होत नाहीत. रबराच्या लूरला जिवंत दिसायला वेग लागतो आणि केसांच्या लूरला तो लागत नाही, म्हणून जेव्हा काहीच चालत नाही तेव्हा मी पांढऱ्या बकटेलकडे वळते.

दादाने अलाबामा रिग काढला. छत्रीच्या काड्यांसारख्या पाच तारा, प्रत्येकीला एक रबरी मासा, जणू छोटी झुंडच. २०११ मध्ये अलाबामातल्या गंटर्सव्हिल तलावावरची मोठी स्पर्धा याच्यावर जिंकली गेली आणि तो देशभर पसरला. थंडीत तो चालतो हे मी नाकारत नाही. विखुरलेले मासे शोधायला तर फारच चालतो. पण एकदा झुंड सापडल्यावर तो ओढत बसण्याला काही अर्थ नाही. आणि एकदम दोन-तीन मासे लागले की एकाला सोडवताना दुसऱ्याचे हाल होतात.

मग रंगावर आलो, कारण दादाने तो विषय सोडला नव्हता. रंगाला काम आहे, पण ते पाण्याच्या गढूळपणावरून ठरतं. धरणाकडचा तलावाचा खालचा भाग निवळ असतो, तिथे पांढरा, मोतिया, पारदर्शक करडा पुरे. रेड नदीच्या फाट्यात वर जावं तसं पाणी तांबूस, मातकट होतं. तिथे चार्ट्रूज लागतो, किंवा पांढऱ्याची शेपूट चार्ट्रूजमध्ये बुडवलेली. शॅडच्या रंगात काही खास नाही. मरणाऱ्या शॅडची हालचाल मात्र दुसऱ्या कशासारखी नसते. दादा म्हणाला, "म्हणजे अण्णा गरीला कोळंबी लावून नुसते बसून राहायचे, ते बरोबर होतं तर." अण्णा म्हणजे त्याचे वडील, माझे मामा. ते खरंच दोरी बोटावर घेऊन तासभर हलत नसत आणि जिताडं त्यांनाच लागायचं.

सोमवार

वारा पडला. आकाश निळंशार, पारा गोठणबिंदूच्या खाली. अशी सकाळ दिसायला सुंदर आणि मासेमारीला सगळ्यांत अवघड. थंडीची लाट गेल्यावर हवेचा दाब चढतो, मासा तळाला चिकटतो आणि तोंड उघडायला तयार नसतो. दर चार-पाच फेकींनी दांडीच्या कड्यांत बर्फ धरत होता. दोरीबरोबर आलेलं पाणी कडीत गोठतं, भोक बारीक होत जातं आणि दोरी करकरायला लागते. बोटाने तो बर्फ फोडायचा, नाहीतर दांडीचं टोक पाण्यात बुडवायचं.

सीगल नव्हतेच. बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या कडेने फिरत फिशफाइंडर पाहत राहिलो. एका वळणावर तळ ३४ फुटांवरून ५५ फुटांवर उतरतो. त्या उतारावर, तळापासून फूट-दोन फुटांवर, लांबट खुणा दिसल्या, हलत नव्हत्या. स्लॅब सोडला. एक खूण त्याच्याकडे वर आली, थांबली, परत खाली गेली. पुन्हा तसंच. ती बघायला येत होती पण स्लॅबचं उडणं तिला नको होतं.

मी स्लॅब काढून अर्ध्या औंसाच्या शिशावर पाच इंची फ्लूक लावला. आज पडणं पुरेसं नव्हतं, लोंबकळणं हवं होतं. तळ लावायचा, तीन फूट वर घ्यायचं आणि हात हलवायचा नाही. बोटीच्या हेलकाव्याने जे काय होईल तेवढंच. इथे याला डेडस्टिक म्हणतात. शिसं जड असलं तरी चालतं, कारण ते पडत नसतं, नुसतं टांगलेलं असतं. फ्लूक जरा मोठा घेतला कारण थ्रेडफिन वरच्या थरात मरतात, खाली मोठे गिझर्ड शॅड असतात.

दांडी मी दादाच्या हातात दिली. हलवू नकोस एवढंच सांगितलं. बोटांत जाण राहिली नव्हती म्हणून त्याने हातमोजा काढून दोरी उघड्या तर्जनीवर घेतली. पडद्यावर एक खूण वर सरकली आणि फ्लूकच्या रेषेला मिळाली. दोरी हलली नाही. मग दांडीचं टोक हळूहळू, अगदी सावकाश, खाली वाकत गेलं.

"अगं, अडकलं वाटतं."

"उचल, दादा!"

पुढची काही मिनिटं रीळच बोलत होतं. मासा दोनदा तळाशी गेला, एकदा बोटीखालून पलीकडे. जाळ्यात घेतला तेव्हा दहा पौंडांच्या आसपासची मादी निघाली, पोट भरदार, अंगावर सात-आठ काळ्या रेघा, त्यातल्या दोन मध्येच तुटलेल्या. गळ वरच्या ओठात अगदी कडेला होता. वसंतात हीच मादी नदी चढून अंडी घालणार. फुगलेली नव्हती. दादाने तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, तिने शेपटीने त्याच्या बाहीवर पाणी उडवलं आणि खाली गेली.

दुपारपर्यंत तशाच पद्धतीने आणखी काही मासे मिळाले, बहुतेक लोंबकळत्या फ्लूकला. एकदा बकटेलही लावून पाहिलं. त्यालाही लागले, थोडे उशिरा.

उतारावर बोट वर घेतल्यावर तळाचं बूच काढून सगळं पाणी सांडलं, आमिषाची टाकी कोरडी पुसली. टेक्सासमध्ये झेब्रा मसल हा शिंपला २००९ मध्ये पहिल्यांदा टेक्सोमातच सापडला. बोटीतल्या ओंजळभर पाण्यातूनही त्याची पिल्लं दुसऱ्या तलावात जातात, म्हणून इथून कोरडी बोट नेणं कायद्याने बंधनकारक आहे. दादाला ह्यूस्टनकडे जायचं होतं, त्यामुळे तर जास्तच.

शनिवारच्या माशांचे तुकडे करताना कुशीलगतची तांबडी पट्टी पुरती कापून काढली. ती ठेवली की स्ट्रायपर उग्र लागतो, लोक माशाला नावं ठेवतात आणि दोष त्या पट्टीचा असतो. उरलेलं मांस पांढरं आणि घट्ट. आगळ, हळद, तिखट लावून ठेवलं, रव्यात घोळवून तव्यावर टाकलं. दादा म्हणाला रावसाच्या जवळ जातं, मला ते जिताड्याच्या जवळचं वाटतं. हा वाद मिटला नाही.

जाताना त्याने पाव आणि अर्ध्या औंसाच्या शिशांची यादी लिहून घेतली आणि वसंताचं विचारलं. पाणी पन्नाशीच्या वर जायला लागलं की मोठ्या माद्या नद्यांच्या तोंडाकडे सरकतात. तेव्हा वॉशिटाच्या फाट्यात, रूझवेल्ट पुलाच्या वरच्या अंगाला जायचं आणि पाणी गढूळ असेल तर त्याची चार्ट्रूजची पॅडलटेल सोबत ठेवायची, असं मी सांगितलं आहे. पॉपर मात्र अजून माझ्याकडेच आहेत. पाणी तापून मासे वर उसळायला लागले की ते परत देईन.